त्याच्यावाचून कुणाचं तरी अडायला हवं

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका आईनं विचारलंय: मुलगा सोळा वर्षांचा आहे. मध्यम प्रतीचं बौद्धिक अपंगत्व, ७५ टक्क्यांचं प्रमाणपत्र. बोलतो, पण मोजकं. आंघोळीला, कपडे घालायला मदत लागते. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपेल. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, मोठी मुलगी पुण्यात शिकते, घरात सासूबाई आहेत. 'आमच्यानंतर याचं कसं होणार या विचारानं झोप लागत नाही. कायद्याचं, पैशाचं, शिक्षणाचं, आतापासून काय काय करू ते सगळं सांगा.'

ताई, सगळं सांगते, पण क्रम माझा. कागदपत्रं शेवटी घेते. ती चिकाटीनं चार-सहा महिन्यांत होतात. बाकीच्या गोष्टींना तुमच्या हातातली दोन वर्षं कमीच पडतील.

अठ्ठावीस वर्षं मी इथं विशेष शिक्षिकेचं काम करतेय. पालक पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा फाइल मी नंतर उघडते. आधी विचारते, "उद्या हा दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहिला, तर घरात कुणाचं काय अडेल?" आई बाबांकडे बघते, बाबा आईकडे. मग कुणीतरी म्हणतं, "अडणार काय? उलट..." आणि वाक्य अर्धंच सोडतं. ताट, कपडे, औषध, रिक्षा, सगळं त्या मुलापर्यंत चालत येतं आणि त्याच्याकडून कुणाकडे काही जात नाही. सही करता आली, पगार आणला की मूल मोठं झालं असं आपण धरतो. मी जे बघितलंय ते वेगळं आहे. आपल्यावाचून दुसऱ्या कुणाचं तरी अडतंय हे कळायला लागलं की ही मुलं ताठ उभी राहतात, आणि आधी जे शिकवून शिकवून जमत नव्हतं ते त्यानंतर जमायला लागतं.

काम छोटं असू दे, पण खरं हवं. चमचे पुसायला देऊन मागाहून आपण पुन्हा पुसतो, तसलं नको. ही मुलं मंद असतील, पण आपलं काम खोटं आहे हे त्यांना लगेच कळतं.

इंदूरमध्ये असं खरं काम रोज सकाळी गाणं वाजवत दारात येतं. कचरागाडी! वेळ ठरलेली, बोलावणं गाण्याचं, ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे. चुकलं तर गाडीवरचा माणूस तिथल्या तिथं सांगतो, आईला ओरडावं लागत नाही. उद्यापासून हे काम तुमच्या लेकाचं. पहिले पंधरा दिवस सोबत जा, मग दारात थांबा, मग घरातच. आणि एखाद्या दिवशी तो गेला नाही, तर तुम्ही बादली घेऊन पळायचं नाही. कचरा राहू दे, स्वयंपाकघरात वास सुटू दे. इथं आयांचा धीर सुटतो, आणि सगळा डाव तिथंच मोडतो.

सुदामा नगरातल्या एका मुलाला आम्ही हेच काम दिलं होतं. तीन महिन्यांनी तो तापानं आजारी पडला. तिसऱ्या दिवशी गाडीवरच्या माणसानं खालून हाक मारली, "भिया दिख नहीं रहे आजकल?" घराबाहेरच्या कुणीतरी त्या मुलाची वाट पाहिली, असं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. त्याची आई मला फोनवर हे सांगताना रडली.

आता शिकवायचं कसं. तुम्ही लिहिलंय, 'सांगितल्याशिवाय काही करत नाही.' माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ आया हेच सांगतात. त्यात दोष मुलाचा कमी आणि आपल्या तोंडाचा जास्त. हात धरून करून घेतलेली मदत हळूहळू काढता येते, हात आधी मनगटाशी, मग कोपराशी, मग नुसता जवळ. बोटानं दाखवणंही कमी करता येतं. पण तोंडानं दिलेली सूचना सुटता सुटत नाही. 'साबण लाव, आता पाणी घे, आता पुसून घे' हे रोज ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात आंघोळीचा क्रम 'आई बोलली की पुढचं' असाच बसतो. म्हणून न्हाणीघरात पाच-सहा चित्रं लावा, मोबाइलवर त्याचेच फोटो काढून लावलेत तर उत्तम. तो अडला तर बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे फार लांब असतात, तुमचं तुम्हालाच कळेल. तरी अडला तर चित्राकडे बोट करा.

दुसरी युक्ती म्हणजे शेवटाकडून शिकवायचं. समजा पोहे शिकवायचेत. आपण सुरुवात कांदा चिरण्यापासून करतो, सातव्या पायरीला मूल कंटाळतं आणि उरलेलं आपण करतो. उलटं करा. पोहे भिजवणं, फोडणी, वाफ सगळं तुम्ही करा. त्यानं फक्त बशीत काढायचे, वर सेव आणि जिरावण भुरभुरायचं आणि बशी बाबांसमोर नेऊन ठेवायची. काम त्याच्या हातानं पूर्ण झालं, 'वा, झकास' त्याला मिळालं. ते पक्कं बसलं की वाफेवरचं झाकण काढणं, मग त्याच्या आधीचं. गॅसपर्यंत पोहोचायला वर्ष लागेल. लागू दे. पँटची चेन, बुटाची नाडी, अंथरूण घालणं, सगळीकडे हीच रीत.

आपल्यासारख्या घरांची एक अडचण पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. तुम्हा-आम्हाला ते जाणवतसुद्धा नाही. पण ज्या मुलाला 'पन्नास' शिकायला दोन वर्षं लागली, त्याला दुकानदार 'पचास' म्हणतो तेव्हा समोरची नोट त्याच्यासाठी अनोळखी होते. 'दीडशे' आणि 'डेढ़ सौ' एकच, हे त्याला आपोआप कळत नाही. म्हणून घर आणि मन मराठीत राहू दे, पण पैसे, पत्ता, वार, फोन नंबर आणि मदत मागायची दोन वाक्यं पहिल्यापासून हिंदीतच शिकवा. मराठीत शिकवून मग भाषांतर करायला लावू नका. वाचनात मात्र आपलं नशीब चांगलं आहे. लिपी एकच, त्यामुळे 'पुरुष', 'बंद', 'दवा', 'खतरा' अशा चाळीस-पन्नास पाट्या ओळखता आल्या तरी खूप झालं. मुक्त विद्यालयातून दहावी करावी का, असं तुम्ही विचारलंत. एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, खालच्या पातळ्या, तिसरी-पाचवीच्या तोडीच्या, झेपत असतील तर करा. दहावीच्या कागदासाठी मात्र ही दोन वर्षं जाळू नका. शिकवणीचे चार तास आणि बसचा एकही नाही, असं वेळापत्रक मी खूप घरांत पाहिलंय.

पैशांबाबत माझीच एक फजिती सांगते. वर्गात पुठ्ठ्याच्या नोटा करून मी मुलांना रंगांवरून नोटा शिकवल्या होत्या. सगळे शंभर टक्के बरोबर. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशेची नोट करडी झाली, पुढच्या वर्षी पन्नासची निळी, त्याच्या पुढच्या वर्षी शंभरची जांभळट, आणि दहा वर्षांची मेहनत वाहून गेली. आकडा वाचायला शिकवायला हवं होतं, मी रंग शिकवला. त्याहून मोठी चूक म्हणजे पुठ्ठा. पैसे दुकानातच शिकवायचे, खऱ्या नोटेनं, खरी वस्तू आणून. मोड मोजता येत नसेल तर 'एक नोट जास्त' ही रीत पुरते. अठ्ठावीस रुपये झाले तर दहाच्या तीन द्यायच्या आणि बाकी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. क्यूआरनं पैसे देणं त्यांना मोजण्यापेक्षा सोपं जातं, म्हणूनच ते धोक्याचं. स्वतंत्र खातं, त्यात आठवड्याचे दोनशे-तीनशे, एवढ्यावर ठेवा.

बस शिकवायला आधी त्याच्या शेजारी बसा. मग मागच्या सीटवर. मग दुसऱ्या दारानं चढा आणि ओळख दाखवू नका. मग तो बसमध्ये, तुम्ही मागून स्कूटरवर. यात चार ते आठ महिने जातात. मी एका मुलाला राजवाड्यापर्यंत असं पक्कं तयार केलं, आणि अनंत चतुर्दशीला झाँक्यांमुळे बस दुसऱ्याच रस्त्यानं वळली. आपला थांबा आला नाही म्हणून तो शेवटपर्यंत बसून राहिला. रात्री साडेनऊला सापडला, एका औषधाच्या दुकानात स्टुलावर बसलेला, खिशातलं कार्ड दुकानदाराच्या हातात. 'हरवलास तर औषधाच्या दुकानात जा, कार्ड दाखव' एवढं एक शिकवलेलं उपयोगी पडलं. रस्ता शिकवताना रस्ता चुकणंही शिकवायला हवं, हे त्या रात्री मला कळलं. तेव्हापासून मी मुलांना मुद्दाम एक थांबा आधी उतरवते.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत आणि कुणीच लिहीत नाही ते. त्याला मिसरूड फुटलीय, आणि आंघोळ अजून तुम्ही किंवा आजी घालताय. हे आधी थांबवा. जमेपर्यंत बाबांनी घालावी आणि दार लावून. शरीर खाजगी असतं हे त्याला बंद दारानंच कळणार आहे. हस्तमैथुन करत असेल तर मारू नका, घाबरवू नका. ते चूक नाही, बैठकीची खोली चूक आहे. 'आपल्या खोलीत, दार लावून' एवढंच, चेहरा न बदलता, दर वेळी त्याच शब्दांत. पाहुण्यांना मिठी मारतो त्याचं सगळे कौतुक करतात ना? सहाव्या वर्षी गोड दिसणारी मिठी विसाव्या वर्षी पोलिसात जाते, आणि समोरची मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो लागतो. घरच्या चार-पाच माणसांखेरीज सगळ्यांना दोन हात जोडून नमस्कार. मावशीसाठीसुद्धा अपवाद नको, त्याला अपवाद सांभाळता येत नाहीत. आणि त्याच्यावर कुणी हात टाकला तर त्यानं 'नाही' म्हणायला हवं, ही भीती तुम्हालाही असणार. तो भाजीला 'नाही' म्हणतो, निळ्या शर्टाला 'नाही' म्हणतो, ते रोज थोडं ऐकत चला. सोळा वर्षं ज्याचं 'नाही' मोडून काढलंय, त्याच्याकडून ते नेमकं त्या प्रसंगी येणार नाही.

हो, त्याला घरी काय हाक मारता? माझ्याकडचा एक मुलगा वैद्यकीय मंडळापुढे स्वतःच्या नावाला ओच देईना. डॉक्टरांनी 'प्रतिसाद नाही' लिहायला घेतलं. आई मागून म्हणाली, "बबड्या म्हणा त्याला." कारखान्यातला सुपरवायझर बबड्या म्हणणार नाही.

नोकरीबद्दल माझं मत जरा कडवट आहे. मेणबत्त्या, पणत्या, कागदी पाकिटं: देशभरच्या विशेष शाळा हेच करतात. दिवाळीत लोक दयेनं घेतात आणि नोव्हेंबरपासून मुलं रिकामी. मीही वर्षानुवर्षं पणत्या रंगवून घेतल्यात. आता आधी शहरात हिंडून जागा बघते आणि तिथं लागतं तेच शिकवते. इंदूरला नमकीनचे कारखाने आहेत, तिथं लेबल लावणं, पाकिटं बारा-बारांनी खोक्यात भरणं ही कामं असतात. रोपवाटिका आहेत, झेरॉक्सची दुकानं आहेत, ओळखीचं किराणा दुकान आहे. आमचा एक मुलगा अशाच कारखान्यातून अकराव्या दिवशी परत आला. पाकिटं बरोबर भरत होता. दुपारी दुसऱ्यांच्या डब्यात हात घालत होता. कामं बहुधा कामापायी जात नाहीत. ती डबा खाताना, मोरीवर जाताना, साहेब रागावल्यावर जातात. आम्ही त्याला महिनाभर नुसता डबा खायला शिकवलं, आणि पुन्हा घेतल्यावर तो टिकला. सुरुवातीला आठवड्यात दोन दिवस, दोन-दोन तास, पगार नाममात्र का होईना पण त्याच्या खात्यात. शोधाशोधीला परदेशीपुऱ्याच्या सामाजिक न्याय परिसरात विचारा, भोपाळला सीआरसी, म्हणजे केंद्राचं अपंग पुनर्वसन केंद्र आहे, जबलपूरला दिव्यांगांसाठी केंद्राचं करिअर सेवा केंद्र आहे. पण खरं सांगू? बहुतेक जागा मला पालकांच्या ओळखीतूनच मिळाल्यात.

कागदपत्रं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढलं असेलच, ७५ टक्के म्हणजे पिवळ्या पट्टीचं. त्यावरची मुदत बघून घ्या. आधारचं बोटांचं नूतनीकरण पंधराव्या वर्षानंतर करावं लागतं, राहिलं असेल तर आत्ताच करा. बँकेत नेमकं तेच अडतं. समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीत, त्याचं अपंगत्व नोंदलेलं आहे ना? मध्य प्रदेशात त्याशिवाय एकही योजना हलत नाही. राष्ट्रीय न्यास ही अशा मुलांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिचा निरामय आरोग्य विमा काढा, वर्षाला एक लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी तपासण्या नाहीत, थेरपीचाही खर्च त्यात बसतो. प्राप्तिकरात जुन्या पद्धतीनं भरत असाल तर अपंग मुलाच्या सांभाळासाठी ७५ हजारांची वजावट आहे.

अठरा पूर्ण झाले की कायद्यानं तुम्ही त्याचे पालक राहत नाही, हे बहुतेकांना बँकेच्या काउंटरवर कळतं. बौद्धिक अपंगत्व १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात येतं, त्यामुळे कोर्टात जायची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत चौकशी करा. पालकत्व मिळालं की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तो द्या, आपल्यानंतर येणाऱ्याला तीच शिस्त उपयोगी पडते. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाचीही सोय आहे, तिथं निर्णय त्याच्याशी मिळून घ्यायचा असतो. मतदार यादीत त्याचं नाव जरूर घाला. सक्षम न्यायालयानं तसं ठरवल्याशिवाय कुणी त्याचा मताचा हक्क काढून घेऊ शकत नाही, नुसत्या प्रमाणपत्रानं तर नाहीच.

यजमानांच्या नोकरीमुळे एक मोठी गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ते जुन्या पेन्शन योजनेत असतील तर स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळतं आणि त्याचं नाव पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, आधीच घालून ठेवता येतं. निवृत्तीची वाट बघू नका, कार्यालयात आत्ताच अर्ज द्या. 'मग त्याला कामाला लावलं तर पेन्शन जाईल' असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. जात नाही. २०२१पासूनचा नियम असा की त्याचं स्वतःचं उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई, कमी असेल तर तो पात्रच राहतो. पाकिटं भरून मिळणारे पैसे तिथवर पोहोचत नाहीत.

मृत्युपत्रात 'सगळं मुलीच्या नावे, ती भावाला सांभाळेल' असं लिहू नका. त्याच्या वाट्याचं त्याच्यासाठी, वकिलाकडून खाजगी न्यास (ट्रस्ट) करून ठेवा. आणि मुलीला विचारा. तुमच्या पत्रात ती एका वाक्यापुरती आलीय, पण मला वाटतं तुम्ही मनात सगळं तिच्यावर सोपवून मोकळ्या झालायत. ती कदाचित पुण्यात राहून पैशांचं बघायला तयार असेल आणि रोजचं बघायला नसेल. हे आत्ता कळणं बरं. तिनं 'बघू' म्हटलं तर रागावू नका, तिचं वय वीस आहे.

राहिल्या सासूबाई. तुम्ही दहापर्यंत मोजाल आणि त्या सातव्या आकड्याला त्याच्या शर्टाची बटणं लावून मोकळ्या होतील. प्रत्येक घरात हेच होतं, आणि त्यांना शास्त्र सांगून उपयोग नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतील ना? रोज रात्री आठला गोळ्यांची डबी आणि पाण्याचा पेला त्यांच्यापुढे नेऊन ठेवणं हे काम त्याला द्या. गोळी त्यांनी स्वतः बघून घ्यायची, आणणं त्याचं. आठचा गजर लावून द्या. सासूबाईंना एवढंच सांगा की गजर झाला तरी उठायचं नाही आणि हाकही मारायची नाही, तो येईपर्यंत बसून राहायचं.

पहिल्या आठवड्यात गोळीला पंधरा-वीस मिनिटं उशीर होईल. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.